पडदा थरथरला अन् दाळमिल बंद पडली

बिघडलेला टीव्ही मी नुसत्या थापडीनं चालू करायचो, अख्ख्या लातुरात असा हात दुसऱ्या कुणाचा नव्हता. चालू झालेला टीव्ही चार रोजात परत यायचा, अन् त्याच्यासंगं त्याचा मालकही यायचा, मला त्याचा हात दाखवायला.

शाळेत मी फार टिकलो न्हाई. मास्तरला माझा कंटाळा आला, मला मास्तरचा, दोघांनीबी ताणून धरलं न्हाई. टीव्ही दुरुस्तीचं दुकान टाकलं, पातळ टीव्ही आले तसं तेबी बसलं. भूकंप झाल्यापासून मी डोक्यावर स्लॅब घ्यायचं नावच सोडलं होतं. अंगणात पत्र्याच्या खोल्या काढल्या, लोक हसले. मग क्लासचं येड आलं, गावोगावची पोरं-पोरी डॉक्टर व्हायला लातूरला यायला लागली, अन् त्याच खोल्यांना लोक हवेशीर म्हणायला लागले. हवेशीर कशाच्या? उन्हाळ्यात आत पापड भाजला असता. पण मी घरमालक झालो.

म्हणजे नावालाच. एका खोलीत हिमायतनगरची एक बाई पोरीला घेऊन राहायची. नवरा तिकडं शेती बघायचा, ही इकडं पोरीला दोन टाइम जेवण अन् चार टाइम धाक द्यायला. मी माझ्या घरात शिंकलो की मधल्या भिंतीवर लाटणं वाजायचं. रेडिओ लावला की लाटणं. बायकोशी भांडायचं तर मला तिला घेऊन गल्लीच्या तोंडाला जावं लागायचं. मीबी काय साधा न्हाई. तिची पाणी भरायची येळ झाली की मी मोटार बंद करायचो. सलाम-नमस्कार आमच्यात कधी झालाच न्हाई.

अशात एका रविवारी सकाळी ती दारात येऊन उभी.

"चाचा, तुम्ही टीव्ही दुरुस्त करत होते म्हणे?"

"म्हणे कशाला? करतच होतो."

"पोरीच्या लॅपटॉपचा पडदा थरथर करून राहिला. बारा वाजता टेस्ट हाय, घरूनच द्यायची. हिच्यावर वरची बॅच ठरते. ही हुकली की पोरगी खालच्या बॅचमधी जाते, तिथं कोणी ढुंकून बघत न्हाई. आज दुकानं बंद हायेत, न्हाईतर तुमच्या दारात आले नसते."

मला लई बरं वाटलं. दुश्मन दारात आला की कुणालाबी बरंच वाटतं. आतल्या आत हसत गेलो.

लॅपटॉपवर पट्ट्या यायच्या, पडदा फडफडायचा, मधीच काळा व्हायचा. मी जिंदगीत लॅपटॉप उघडला नव्हता, पण तसं तोंडावर दिसू दिलं न्हाई. बाह्या सारल्या अन् दिली एक थापड.

"चाचा! मारता कामून?" पोरगी ओरडली.

पडदा मात्र नीट झाला. मी तिच्या आईकडं असं बघितलं की बघ. तेवढ्यात पुन्हा फडफड.

"आता हात लावायचा न्हाई," आई म्हणली. "काय ते तोंडानं सांगा."

तोंडानं काय सांगावं? भूकंपानंतर आमच्या घराला एक खोड लागली हाय. काही हाललं की आधी वाटीत पाणी घेऊन बघायचं, वस्तू हालतीय का जमीन. मी वाटी मागितली, पाणी भरून लॅपटॉपच्या बाजूला ठेवली. पाण्यावर बारीक बारीक लहरी! अन् लहर उठली की पडदा फडफडला.

"घावलं!" मी म्हणलं. "लॅपटॉपला काय झालं न्हाई. मागची दाळमिल चालू हाय, सगळी जागा थरथरून राहिलीय."

आईला पटलं न्हाई, पण बारा वाजत आले होते. मी तसाच मिलीवर गेलो. मिलीचा मालक आप्पा अन् मी, आमचं जुनं वैर. त्याच्या मिलीचा भुसा माझ्या पत्र्यावर, अन् माझ्या शिव्या त्याच्या मिलीवर.

"आप्पा, मिल बंद करा. तुमच्या मिलीनं पडदा हालायलाय."

"मिस्त्री, उद्या म्हणशील तुझे दातबी माझ्या मिलीनं पडले."

"पोरीची टेस्ट हाय."

या गावात टेस्ट म्हणलं की वरातसुद्धा बँड बंद करून जाते. आप्पानं मला एक शिवी दिली अन् मिल बंद केली. गडी-माणसं बसून राहिली. आप्पा माझ्या मागं मागं आला, म्हणला, "बघतोच मी, खोटं निघालं तर तुलाच दळतो."

खोलीत आलो. वाटीतलं पाणी गप. पडदाबी गप. मी कमरेवर हात ठेवून उभा राहिलो, म्हणलं, "बस पोरी, दे टेस्ट." पोरीनं लॅपटॉप जवळ ओढला, झाकण जरा मागं सारलं, अन् फडफड, फडफड, काळा.

आप्पानं माझ्याकडं बघितलं. मी वाटीकडं बघितलं.

"माझी मिल कामून बंद केली रे?" आप्पा सुरू झाला.

"तुमचाच धक्का आत राहिला असंल," मी म्हणलं.

"पोरगी रडायला आलीय अन् तुम्ही भांडून राहिले?" आई आमच्या दोघांवर धावली. आवाज ऐकून माझी बायको आली, म्हणली, "बस करो जी. बच्ची का नुकसान होरा."

पोरगी रडत नव्हती. ती झाकण हळूच पुढं-मागं करून बघत होती. हालवलं की फडफड, सोडलं की नीट.

"चाची, तुमचा टीव्ही लावू का?"

बायकोची ती रविवारच्या शिरेलची येळ होती, पण ती एका शब्दानं न्हाई म्हणली न्हाई. पोरीनं लॅपटॉप उचलून माझ्या घरात आणला, सेटटॉप बॉक्सची वायर काढली अन् लॅपटॉपला लावली. टीव्हीवर चित्र आलं, स्वच्छ, हालणं न्हाई का डुलणं न्हाई.

"लॅपटॉप चांगला हाय," ती म्हणली. "पडद्याकडं जाणारी वायर झाकणाच्या बिजागरीत दबली असंल. झाकणाला जरा धक्का लागला की चित्र तुटतं. मिलीनंबी तेच व्हायचं."

"म्हणजे मिल होतीच ना?" मी म्हणलं.

"बाहेर निघा," आई म्हणली.

माझ्याच घरातून मला बाहेर काढलं अन् दार लावून घेतलं. अंगणात एका बाजूला ती बाई, एका बाजूला आप्पा, मधी मी. आप्पानं मिल काही चालू केली न्हाई. टेस्ट संपेपर्यंत बसून बारीक आवाजात मला शिव्या दिल्या. त्या बाईनं एकदाबी माझ्याकडं तोंड केलं न्हाई, नुसती बंद दाराकडं बघत बसली. मला शिंक आली, ती मी गिळली. डोळ्यातून पाणी आलं.

दार उघडलं. पोरगी म्हणली, "झाली आई. सगळी सोडवली, येळंत."

बाईनं मोठा श्वास सोडला. मला वाटलं, आता हिच्या तोंडून दोन गोड शब्द ऐकायची हीच येळ हाय. उंबऱ्यावर उभा राहिलो, छाती काढली.

"शेवटी लाज राखली का न्हाई आपल्या टीव्हीनं?"

"टीव्ही चाचीचा, डोकं पोरीचं," ती म्हणली. "तुम्ही नुसता येळ खाल्ला. सरका, दार अडवून उभे राहू नका."