हलू नकोस

दंतमहाविद्यालयाच्या तळमजल्यावर, जिथे भर दुपारीही ट्यूबलाइट लावावी लागे अशा एका लांबट खोलीत, काकांनी तेहतीस वर्षं कवळ्या बनवल्या. वरच्या मजल्यावर डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप घेत, ते माप खाली येई, आणि काका त्यातून आधी प्लॅस्टरचा साचा, साच्यावर मेण, मेणात एकेक दात असं करत कवळी उभी करत. ती कोणाच्या तोंडात बसणार हे त्यांना कधी दिसलं नाही. पण बसायची मात्र चपखल. परत आलेली कवळी म्हणजे काकांची नाही, इतकी ख्याती. गल्लीत तर त्यांचं नावच 'कवळीवाले काका' पडलं होतं.

जेवणाच्या सुट्टीत डबा संपला की ते उरल्यासुरल्या मेणाचा गोळा घेत आणि अंगठ्याएवढी डोकी करत. पाच मिनिटांत एक. विभागप्रमुखांचं चौकशी करायला निघाल्यासारखं नाक, भांडारातल्या बाईंचा कायम रुसलेला ओठ, शिपायाची अर्धी मिटलेली पापणी. बघणारे हसून हसून बेजार. पण मेण पडलं सरकारी. संध्याकाळी काका सगळी मंडळी पातेल्यात घालून वितळवत आणि हात धुऊन घरी जात.

एकदा प्रमुखसाहेब स्वतःचंच डोकं चिमटीत धरून म्हणाले, "काका, तुम्ही चुकून इथे आलात हो. तुमची जागा इथे नाही."

साहेब ते बोलले आणि विसरून गेले. काकांच्या मनात मात्र ते घर करून बसलं. पुढची अकरा वर्षं ते रोज बसमध्ये त्या वाक्याशेजारी बसून आले-गेले म्हणा ना. आणि निवृत्तीला चार वर्षं उरलेली असताना एके दिवशी त्यांनी राजीनामा देऊन टाकला.

काकूंना कळलं ते संध्याकाळी, भांडी विसळताना.

"अगं, मी अर्ज दिला."

"कसला?"

"सोडायचा. आता पूर्णवेळ मूर्तिकाम. मोठं. खऱ्या माणसाएवढे चेहरे."

काकूंनी नळ चालूच ठेवला. "आणि एवढा वेळ तुमच्यापुढे बसणार कोण?"

"तू."

आता नळ बंद झाला. "मी? ह्या थोबाडाची मूर्ती? लोक काय म्हणतील?" असं म्हणाल्या खऱ्या, पण पदराला हात पुसत आरशासमोरून दोनदा गेल्या. हे काकांनी पाहिलं आणि त्यांना फार बरं वाटलं.

निरोपाच्या दिवशी भांडारातल्या बाई म्हणाल्या, "इतकी वर्षं नुसते दात केलेत, आता अख्खं तोंड करणार. अधूनमधून तुमचंही तोंड दाखवत जा." सगळे हसले. काकाही हसले. त्या हसण्यात त्यांना, खरं सांगायचं तर, त्या लोकांची थोडी कीवच आली होती.

लेक लग्न होऊन दुसऱ्या शहरात गेली होती, तिची खोली रिकामी होती. काकांनी पलंग हलवला, जमिनीवर प्लॅस्टिक अंथरलं, फिरत्या पाटाचं टेबल आणलं, मातीची पोती रचली. खिडकीपाशी काकूंची खुर्ची. रोज सकाळी दहाला काकू स्वयंपाक उरकून, केस नीट करून येऊन बसत आणि तासभर ढिम्म हलत नसत. काका कॅलिपर घेऊन उठत. दोन डोळ्यांतलं अंतर, नाकाच्या टोकापासून हनुवटी, कानाच्या पाळीपासून जबडा. माप घ्यायचं, मातीवर लावायचं, पुन्हा माप घ्यायचं.

"गुदगुल्या होतात हो," काकू म्हणत.

"हलू नकोस."

तीन महिन्यांनी डोकं तयार झालं. काका स्वतःवर खूश होते. शहराच्या टोकाला एका जुन्या गोदामात एक शिल्पकार बाई शिकवायच्या. वयाने काकांहून बऱ्याच लहान, पण त्यांचं काम मोठमोठ्या इमारतींसमोर उभं होतं. काकांनी त्यांना घरी बोलावलं. बाई आल्या, चहा घेतला, टेबलाभोवती दोनदा फिरल्या आणि मग मूर्ती सोडून काकूंकडेच बघत राहिल्या.

"काका, राग नाही ना येणार?"

"बोला की."

"नाक बरोबर आहे. कान बरोबर आहेत. सगळंच बरोबर आहे. पण काकू ह्यात नाहीत. हे माप झालं, माणूस नाही झालं."

काका मूर्तीचं नाक पुन्हा मोजू लागले. काकूच मध्ये पडल्या, "मला तर बाई फार आवडलं. अगदी फोटो!"

"तेच ना," बाई हळूच म्हणाल्या. "तुम्ही आधी काही केलंय का हो? काही असेल तर दाखवा."

काकांनी मेणाच्या डोक्यांबद्दल सांगितलं. बाईंचे डोळे चमकले. पण दाखवणार काय? तेहतीस वर्षांतलं एकही शिल्लक नव्हतं. त्या रात्री काकांनी मेण आणून पुन्हा एक करून पाहिलं. पाच मिनिटांऐवजी दोन तास लागले, आणि हातात आलं ते कोणाचंच नव्हतं. तेव्हा कोणी काही मागत नव्हतं, म्हणून होत होतं की काय? आता ते स्वतःच स्वतःच्या खांद्यावरून बघत बसले होते.

त्यांनी पहिलं डोकं मोडलं आणि दुसरं लावलं. मग तिसरं. दीड वर्षात सहा झाली. काका हट्टाला पेटले होते. घरात बोलणं कमी झालं, आणि जे होई तेही खुर्चीत बसवून: हनुवटी वर, खांदा खाली, हलू नकोस. पूर्वी काकांना बसायला वेळ नव्हता, तेव्हा आपल्यात काहीतरी आहे असं छान वाटायचं. आता वेळच वेळ होता, आणि त्या वेळात रोज सकाळी दहा ते अकरा हे सिद्ध होत होतं, की नाही. काही नाही.

काकूंना हे कळत नव्हतं असं नाही. एकदा त्या खुर्चीतूनच म्हणाल्या, "अहो, एक विचारू? तुम्ही माझ्याकडे बघता की माझ्यावर रेघा मारता?"

"म्हणजे?"

"काही नाही. बघा आपलं."

मग तो दिवस आला. सातवं डोकं जवळजवळ झालं होतं. त्या दिवशी काका ओठांवर काम करत होते. ओठ म्हणजे त्यांचा प्रांत. तोंडाच्या कोपऱ्यांची उंची तर ते झोपेतही सांगतील. शेजारच्या शाळेची तिसऱ्या तासाची घंटा झाली. काकांनी कॅलिपर लावला आणि त्यांच्या लक्षात आलं, की डावा कोपरा तीन मिलिमीटर खाली आहे.

"तोंड वाकडं करू नकोस गं."

काकू काहीतरी पुटपुटल्या.

"बोलू नकोस. हलू नकोस. सरळ बघ."

काकूंनी सरळ बघितलं. नेहमीसारख्या हलल्या नाहीत. काकांनी पुन्हा माप घेतलं, आता चार मिलिमीटर. कालचं माप आपण चुकीचं घेतलं असं त्यांना वाटलं. मातीतला ओठ काढला, नव्या मापाने पुन्हा बसवला, आणि काय गंमत, त्या तिरकेपणाने पहिल्यांदाच त्या मातीच्या तोंडाला काहीतरी अर्थ आल्यासारखं वाटलं. दीड वर्षात आलं नव्हतं ते आलं. काका भराभर काम करू लागले. त्यांना आनंद झाला होता. पुढे आयुष्यभर त्यांना ह्या आनंदाचीच सगळ्यात जास्त लाज वाटणार होती.

चौथ्या तासाची घंटा झाली तेव्हा त्यांनी मान वर केली. काकूंचा डावा हात मांडीवरून घसरून खुर्चीबाहेर लोंबत होता, पदराच्या टोकावर लाळ ओघळली होती, आणि त्या त्यांच्याकडे बघत होत्या.

दोन घंटांच्या मध्ये पस्तीस मिनिटं असतात.

रुग्णालयात तरुण डॉक्टरने विचारलं, "कधी सुरू झालं? नीट आठवून सांगा, ह्यात मिनिटं मोजावी लागतात."

काकांनी आयुष्यात मोजण्यात कधी चूक केली नव्हती. ते म्हणाले, "आत्ताच. म्हणजे, मी बघितलं आणि लगेच आणलं."

काकू वाचल्या. डावी बाजू गेली, वाचा जवळजवळ गेली. लेक धावत आली, महिनाभर राहिली. आईला उठवणं, बसवणं, भरवणं तिने काकांना शिकवलं. जायच्या आदल्या दिवशी ती त्या खोलीत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. काका दारापर्यंत गेले. ती सातव्या डोक्यासमोर उभी राहून रडत होती.

"बाबा, ह्याच्यावरचं ओलं फडकं काढू नका हं. जपून ठेवा. आई आता... निदान ही तरी आहे."

"हो," काका म्हणाले.

"पण तोंड असं का केलंत? आधीच कसं काय..." ती जवळ वाकली, मग मागे सरली. "नंतर बदललंत का? कशाला बदललंत, बाबा? आम्हाला ती तशीच हवी होती ना."

"चुकलं माझं," काका म्हणाले. तिला वाटलं ते मूर्तीबद्दल बोलतायत.

शिल्पकार बाईंनाही कळलं, त्याही येऊन गेल्या. सातवं डोकं बघून त्या दचकल्याच. म्हणाल्या, "काका, हे... हे जमलंय तुम्हाला. हे शहरातल्या प्रदर्शनात ठेवू या. मी बोलते." काकांनी मान हलवली. बाई गेल्यावर त्यांनी फडकं भिजवायचं थांबवलं. आठवड्याभरात मातीला चिरा गेल्या, नाकाचा तुकडा पडला. उरलेलं त्यांनी भिजवून पुन्हा पोत्यात भरलं. लेकीने फोनवर विचारलं तेव्हा सांगितलं, "पडलं गं. माझ्याच हातून."

मग बरेच दिवस खोली बंद होती. काका सकाळी काकूंना उठवत, तोंड पुसत, पातळ भात चमच्याने उजव्या बाजूने भरवत. हे ते नीट करत. कॉलेजातून निरोप आला होता, अर्धवेळ आलात तर बरं, नव्या पोरांना कवळीतलं कळत नाही. पण काकूंना एकटं कसं ठेवणार? आणि खरं म्हणजे माप घ्यायच्या वस्तूला हात लावणंच त्यांना आता नको वाटे.

एका सकाळी काकूंनी उजव्या हाताने त्या खोलीकडे बोट दाखवलं. काकांना कळेना. पाणी हवं? उन्हात बसायचंय? काकू मान हलवत राहिल्या, बोट तिकडेच. शेवटी त्यांनी दार उघडलं आणि काकूंना आत नेलं. काकूंनी खुर्ची दाखवली. बसल्या. उजव्या हाताने केस नीट केले, आणि समोर बघत, एक बाजू सरळ, एक बाजू सुटलेली, अशा अगदी स्थिर झाल्या.

काकांना वाटलं, आता बोलावं. ते खाली काकूंच्या पायाशी बसले. "त्या दिवशी मला दिसलं होतं गं. पहिल्यांदा घंटा झाली तेव्हाच. मी बघत होतो, आणि मला दिसलं नाही."

काकूंनी काहीतरी म्हटलं. दोन शब्द होते, की तीन. काकांनी कान पुढे केला, पण पुन्हा विचारायचं धैर्य झालं नाही. काय म्हणाली असेल, ह्याच्या त्यांनी नंतर शंभर तऱ्हा करून पाहिल्या. त्यातली एकही पक्की वाटली नाही.

तेव्हापासून रोज दहाला काकू त्या खुर्चीत बसतात. टेबलाच्या आणि त्यांच्या मध्ये एक फळी उभी आहे, पलीकडचं त्यांना दिसत नाही. काका मातीचा गोळा घेतात, मळतात, दाबतात, पुन्हा मळतात. त्याचं काही होत नाही, आणि व्हावं असं त्यांना आता वाटतही नाही. अकरा वाजले की ते हात पुसतात आणि म्हणतात, "आज छान झालं."

काकू अर्ध्या तोंडाने हसतात. मग काका त्यांना उठवून बाहेर नेतात.