निनावी पेंटर आणि ढोल्या

दुकानांच्या पाट्या रंगवण्यात पेंटरांची पस्तीस वर्षं गेली होती. माणसांशी बोलावं लागू नये म्हणूनच आपण शिडीवर चढायचा धंदा धरला, असं ते स्वतःच सांगत. तिसऱ्या मजल्यावर एकोणीस वर्षं राहूनही शेजारी त्यांना माहीत होते ते फक्त आवाजावरून. तळमजल्यावर पहाटे पाचला लागणारा रेडिओ, आणि समोरच्या घरातला ड्रायव्हर, जो गाडी सुरू करून पाव तास नुसती घुरघुरत ठेवायचा. तोंडावर जाऊन सांगायची पेंटरांची छाती नव्हती. म्हणून ते निनावी चिठ्ठ्या लिहीत आणि चोरपावलांनी जाऊन दाराखालून सरकवत. 'रेडिओ ऐकू येत नसल्यास कानाच्या डॉक्टरांस दाखवावे' हे वाक्य सुचलं त्या दिवशी तर ते स्वतःवर बेहद्द खूश होते.

मग मुलीची बदली झाली आणि तिचं कुत्रं, ढोल्या, मागे राहिलं. बायकोचे गुडघे धरलेले. सकाळी ढोल्याला फिरवायचं काम आपसूक पेंटरांच्या गळ्यात पडलं.

पहिल्याच दिवशी ढोल्याने त्यांना जिन्यावरून फरफटत नेलं आणि थेट तळमजल्याच्या त्या रेडिओवाल्या दारासमोर बसकण मारली. पेंटर पट्टा ओढून घामाघूम झाले. तेवढ्यात दार उघडलं.

"आलास? मला वाटलं, विसरलास," बाई कुत्र्याला म्हणाल्या. मग नजर वर करून, "तुम्ही ढोल्याचे आजोबा ना?"

"हो," पेंटर म्हणाले. एकोणीस वर्षांनी झालेली ओळख ही अशी.

मुलगी रोज इथे थांबायची, हे त्यांना तेव्हा कळलं. पुढे रोजच थांबणं झालं आणि बरंच काही कळत गेलं. बाई नर्स होत्या. तीस वर्षं रात्रपाळी केल्यामुळे निवृत्त झाल्यावरही पहाटे त्यांचा डोळा लागत नसे. ड्रायव्हर शाळेची गाडी चालवत होता. गाडी म्हातारी, नीट तापल्याशिवाय निघाली की वाटेत बंद पडायची आणि मुलं उशिरा पोचायची. ऐकताना पेंटरांना आपल्या चिठ्ठ्या एकेक करून आठवत होत्या.

शेवटी एक दिवस त्यांनी चाचपून पाहिलं. "तुम्हाला कोणी चिठ्ठ्याबिठ्ठ्या टाकतं म्हणे?"

नर्सबाईंनी आतून बिस्किटांचा डबा आणला. चिठ्ठ्यांनी भरलेला.

"कोण असेल हो?" पेंटर शक्य तितक्या भोळेपणाने म्हणाले.

ड्रायव्हर शेजारीच उभा होता. "पेंटर, या रस्त्यावरच्या पाट्या कोणी रंगवल्या?"

"मी."

"वेलांटीला अशी शेपटी दुसरं कोण काढतं?"

पेंटरांनी डब्यात पाहिलं. वेलांटीला शेपटी होतीच, पण 'डॉक्टर' या शब्दाला त्यांनी लाल शाईने सावलीही दिली होती. निनावी पत्रात कोणी सावली देतं का?

"मग बोलला का नाहीत?" त्यांनी पडेल आवाजात विचारलं.

"म्हटलं, लाजाळू माणूस आहे," नर्सबाई म्हणाल्या. "त्याला असंच बोलता येत असेल. आणि एवढं देखणं अक्षर, फेकायचं कसं?"

पेंटर तोंड लपवून पुढे निघाले, पण तसं गुपचूप निघून जाणंही नशिबात नव्हतं. ढोल्याला मांजर दिसली. पस्तीस वर्षांत एकदाही शिडीवरून न पडलेला माणूस सपाट रस्त्यावर आडवा झाला. नर्सबाईंनी घोटा बांधला. ड्रायव्हरने त्यांना शाळेच्या गाडीत घातलं आणि मुलांना वाटेत शाळेत सोडून दवाखान्यात नेलं. मागच्या बाकावरच्या एका चिमुरडीने विचारलं, "तुम्ही कितवीत?"

पाय सहा आठवडे प्लॅस्टरात. सकाळी ढोल्याला नर्सबाई नेत, संध्याकाळी ड्रायव्हर. पेंटर खिडकीत बसून बघत. कुत्र्याला शिस्त नाही, असं ते मुलीला फोनवर सांगत आले होते. इथे तर ढोल्या नर्सबाईंच्या पावलाला पाऊल लावून चालत होता, आणि पट्टा सैल लोंबत होता.

"ओढत कोण होतं, कळलं?" बायको मागून म्हणाली.

ढोल्याला परत आणणारे दोघंही चहाला टेकू लागले. पेंटर आधी हो-नाहीवर भागवत. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी शिडीवरचा एक किस्सा सांगितला. नर्सबाई इतक्या हसल्या की पेंटरांनी लगेच दुसरा काढला. बायको कप हातात धरून त्यांच्याकडे बघतच राहिली. तीस वर्षांच्या संसारात यातला एकही तिने ऐकला नव्हता.

प्लॅस्टर निघालं. आता पंधरा मिनिटांच्या फेरीला दीड तास लागतो. परवा ड्रायव्हरची गाडी तापून निघायला तयार झाली तरी पेंटर खिडकीला हात टेकून बोलतच होते. ढोल्या उठला, पट्टा तोंडात धरला आणि त्यांना घराच्या दिशेने ओढू लागला.

"थांब रे," पेंटर म्हणाले, "मोठी माणसं बोलतायत."