समोरच्या मुलीची चौकशी

डोंबिवलीत प्रश्न विचारण्याची स्पर्धा भरवली, तर पहिला क्रमांक आमच्या समोरच्या ब्लॉकमधल्या मुलीला घरपोच पाठवून द्यावा आणि बाकीच्यांनी दुसऱ्या क्रमांकासाठी भांडत बसावं. ती ठाण्याच्या एका कॉलेजात मास मीडिया शिकत होती. वडील एमआयडीसीतल्या कारखान्यात, आई घरीच पोळी-भाजीचे डबे करते. अशा घरातल्या मुलीने बँकेच्या परीक्षा द्याव्यात, असं सगळ्या इमारतीचं एकमत होतं. हिने मात्र परदेशातल्या एखाद्या रेडिओत किंवा माहितीपट बनवणाऱ्या संस्थेत इंटर्नशिप करायची ठरवलं आणि जगातल्या अशा झाडून सगळ्या संस्थांचा शोध सुरू केला.

शोध म्हणजे नुसतं फोनवर बोट फिरवणं नव्हे. एखादी संस्था सापडली, की तिथे पूर्वी काम केलेल्या पोरापोरींना ही गाठणार, त्यांना "जेवायला काय देतात"पासून "साहेब ओरडतो का"पर्यंत सगळं विचारणार आणि शेवटी त्यांची मैत्रीण होऊन बसणार. घानातल्या एका मुलीने हिच्या आईला व्हिडिओवर शेंगदाण्याचं कालवण शिकवलं. आईने त्यात गोडा मसाला घातला, तर त्या मुलीने उलट त्याचीच कृती मागून घेतली. आमच्याकडे हळदीकुंकवाला आलेल्या एका बाईंचा मुलगा जर्मनीत आहे, हे कळल्यावर हिने त्यांना दारातच धरलं. तिथलं भाडं, तिथली थंडी, तिथे कोथिंबीर मिळते का. बाई वाण न घेताच घरी गेल्या. ठाण्यात माजिवड्याला कुणीतरी "इंटरनॅशनल मीडिया इंटर्नशिप" देणारं ऑफिस थाटलं होतं. काम मॉलमध्ये पत्रकं वाटण्याचं आहे हे हिने काढून घेतलंच, पण निघताना तो मालकच हिला विचारायला लागला, "मॅडम, माझ्या भावाला बाहेर जायचंय, काही होईल का?"

"मग तू काय सांगितलंस?" मी विचारलं.

"म्हटलं, आधी भावाला विचारा, त्याला नक्की करायचंय काय. लोक बेसिक प्रश्नच विचारत नाहीत, आजोबा!"

मी तिचा सख्खा आजोबा नव्हे. ठाण्यातल्या एका छोट्या वर्तमानपत्रात मी आयुष्यभर मुद्रितं तपासली, एवढाच माझा आणि पत्रकारितेचा संबंध. पण एके दिवशी ती येऊन म्हणाली, "आजोबा, मी रेफरन्स म्हणून तुमचं नाव दिलंय. आयर्लंडची संस्था आहे, फायनलला पोचलेय मी. ते तुम्हाला फोन करतील. मीडियातला ओळखीचा माणूस हवा होता."

"अगं, मी कसला मीडियातला?"

"चुका काढायचात ना? मग झालं तर."

फोन दुपारी आला, मी चहा टाकलेला असताना. बाई फार गोड बोलणारी. मुलगी कशी आहे, असं तिने विचारलं, आणि माझ्या तोंडून आपोआप उत्तरं निघायला लागली. इमारतीत सगळ्यांत वडील मी. आजवर इथल्या कितीतरी मुलींबद्दल मुलाकडच्यांची चौकशी माझ्याकडेच आलेली. परक्यापुढे घरच्या मुलीचं कौतुक करायचं नाही, साधेपणा तेवढा सांगायचा, ही आमची रीत. मी म्हणालो, मुलगी साधी आहे. बाई म्हणाली, स्वतंत्रपणे निर्णय घेते का? मी म्हणालो, छे छे, आईवडिलांच्या शब्दाबाहेर नाही. प्रश्न विचारते का? मी म्हणालो, मुळीच नाही, खाली मान घालून येते-जाते. फोन ठेवला तेव्हा चहा उतू गेला होता आणि मी स्वतःवर बेहद्द खूश होतो. स्थळ असतं तर त्याच संध्याकाळी होकार आला असता.

नकार आला. त्यांना जास्त धीट आणि जिज्ञासू मुलगी हवी होती म्हणे.

"मी जिज्ञासू नाही?" ती जिन्यात उभी राहून म्हणाली. इमारतीने आपला निकाल दिला, की इंटरव्ह्यूत अडखळली असणार, एरवी नुसत्या गप्पा. तळमजल्यावरच्या काकूंनी बँकेच्या क्लासचा पत्ताही आणून दिला. फोनवर मी काय बोललो होतो, ते मी कुणालाच सांगितलं नाही. आणि ती मुलगी खरोखरच खाली मान घालून येऊ-जाऊ लागली. शेजारणीच्या हातात नवी पिशवी दिसली तरी कुठून आणली विचारीना. तिची आई मला म्हणाली, "काका, पोरगी शहाणी झाली बघा." ते मात्र मला ऐकवेना.

दुसऱ्या दिवशी ती कॉलेजहून येत असताना जिन्यातच तिला थांबवलं आणि सगळं सांगितलं. ती मटकन पायरीवर बसली आणि हसत सुटली. "आजोबा! तुम्ही माझं लग्न जमवत होता!" हसता हसता तिने डोळे पुसले. ते नुसत्या हसण्याने आलेलं पाणी नव्हतं, एवढं मलाही कळलं. "आता नैरोबीच्या रेडिओला अर्ज करणारेय. परत तुमचंच नाव देणार."

"माझं? दुसरं कुणी बघ ना."

"तुमचंच. ह्या वेळी माझी तक्रार करा. मनापासून."

मी मनापासून केली. ही मुलगी कुणाचं ऐकत नाही, म्हटलं. प्रश्न विचारून जीव नकोसा करते. परक्याच्या घरात शिरली की थेट स्वयंपाकघरात जाऊन बसते. पलीकडचा माणूस हसला आणि म्हणाला, कधीपासून येऊ शकेल?

तिला जाऊन आता दोन महिने झाले. तेव्हा इमारतीतल्या सगळ्यांना सांगतो, ती अडखळली नव्हती; अडखळलो मी. पहिल्या फोनवर मी जे बोललो ते केवळ रीत म्हणून, असं मी तिला सांगितलं आणि तिने ते मानलं. ती जाऊ नये, असंही मला आतून वाटत होतं का? तिने हे मला कधीच विचारलं नाही. तिला सुचलं नसेल, हे तर शक्यच नाही.