दोन माइकचा डबा आणि आप्पांचा पखवाज

दोन माइकचा इंटरफेस मीच निवडला, त्यात दुसऱ्या कुणाचा दोष नाही. इंटरफेस म्हणजे एक छोटा डबा. एकीकडून माइक जोडायचे, दुसरीकडून यूएसबीची वायर लॅपटॉपला. आमच्या तळेगाव ढमढेऱ्याच्या भजनी मंडळात मी बुवा, म्हणजे मुख्य गाणारा, आणि मंडळाची भजनं रेकॉर्ड करायची होती. एक माइक माझ्या गळ्याला, एक पेटीला, एवढाच विचार मी केला. पखवाजाला दोन तोंडं, म्हणजे आणखी दोन माइक. तो नंतर वेगळा भरू, असं ठरवून टाकलं. इंटरनेटवर सगळे तसंच करतात.

पखवाज वाजवणारे आप्पा दौंड तालुक्यातल्या भांडगावचे, माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठे. रविवारी दुपारी एसटी बदलत बदलत आले. पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक लावून बसले आणि मी त्यांच्या कानांवर हेडफोन चढवला. आत माझं आधीच भरलेलं गाणं.

तीनदा वाजवलं, तीनदा गाण्याशी जुळेना. आप्पांनी हेडफोन काढला.

"बुवा, तुमचा दम कवा सुटतोय ते मी तोंडाकडं बघून वळखतो. ह्यात तोंड कुठं हाय?"

टाळकरी हसले. एकजण म्हणाला, "आप्पा, बुवांचा फोटू लावू का म्होरं?"

ते हसू मला झोंबलं. मी म्हणालो, "तोंडाचं सोडा. तुमचा हात आता लयीत राहत नाही. मशीन खोटं बोलत नाही, आप्पा."

आप्पांनी नखानं कणीक खरवडली, पखवाजाला खोळ घातली, "येतो" म्हणाले आणि गेले. पुन्हा आले नाहीत.

पुढच्या आठवड्यात मी लॅपटॉपवर एकसारखी टिकटिक लावून माझंच गाणं तपासलं. पळत होतो मी. ध्रुवपदावर परत आलो की दर वेळी लय पुढे ढकलत होतो. पंधरा वर्षं आप्पा मला सावरत आले होते, कुणाला कळूही न देता.

तो डबा काढून टाकला. चार माइकचा घ्यायला पुण्यात गेलो, तर दुकानदार म्हणाला, "काका, घरीच करायचंय ना? दोन पुरेत. स्टुडिओ टाकताय का?"

"भजन करतोय. सगळे एका खोलीत, एकमेकांकडे बघत."

"मग सगळे आवाज मिसळतील."

"मिसळू देत."

मिसळणारच. टाळ पखवाजाच्या माइकमध्ये शिरेल, बाहेरून ट्रॅक्टरही शिरेल. शिरू दे. माणसं सुटी सुटी भरून आमचं भजन होत नाही, हे मी आता कुणालाही तोंडावर सांगतो. आणि खेड्यातल्या भजनाला कशाला हवं रेकॉर्डिंग म्हणणाऱ्यांनाही सांगतो, मी ते सोडणार नाही.

पण दुकानदारापुढे ताठ मानेनं बोलणं सोपं होतं. आप्पांशी बोलायचं राहिलंच होतं. फोनवर माफी मागता आली असती. मात्र अपमान मी चारचौघांत केला होता, म्हणून त्याच टाळकऱ्यांना जीपमध्ये घातलं आणि भांडगाव गाठलं. आप्पा मळ्यात गुलछडी तोडत होते.

"काय बुवा, वरात घेऊन आलाय? नवरदेव कोन?"

कुणी हसलं नाही. मी हात जोडले.

"आप्पा, लय माझी पळत होती, तुमची नाही. ह्या सगळ्यांसमोर मी तुमच्या हाताला नावं ठेवली. चुकलं माझं. मला माफ करा."