काटाही खरा, मीही खरी

“काकी, तुमच्या दोन्ही किडन्या मिळून आता शंभरातलं सातेक टक्के काम करतायत,” डॉक्टर बाई म्हणाल्या आणि रिपोर्ट माझ्याकडे फिरवला.

सीकेडी. म्हणजे क्रॉनिक किडनी डिसीज, किडन्या हळूहळू आणि कायमच्या निकामी होण्याचा आजार. माझी शेवटची पायरी होती. हे सगळं त्या सावकाश सांगत होत्या आणि मी कागदावर बघत होते. तिथे ईजीएफआर लिहिलं होतं, आणि त्यातला ई तेवढा बारका. मी आयुष्यभर ब्लाउज शिवले, माझी नजर बारक्या गोष्टीवरच जाते.

“हा ई एवढासा का?”

“तो एस्टिमेटेडचा. म्हणजे अंदाजे.”

“म्हणजे मोजलं नाही?”

“किडनी किती गाळते ते आत शिरून कोण बघणार? रक्तात क्रिएटिनिन किती साठलंय ते बघायचं. क्रिएटिनिन म्हणजे स्नायूंचा कचरा, तो किडनीने बाहेर टाकायचा असतो. त्यात तुमचं वय घालायचं, बाई आहात हे घालायचं आणि हिशेब करायचा. सातच्या जागी सहा असेल, नऊ असेल. वीस मात्र नक्की नाही.”

मला रडू यायला हवं होतं. आलं नाही. एका लहानशा बाटलीतल्या रक्तावरून आणि माझ्या वयावरून एवढं कळतं, याचंच नवल वाटत राहिलं. शेजारी आमचे हे बसले होते. हे वीज कंपनीत मीटर रीडर होते, भांडुप ते मुलुंड जिने चढून चढून गुडघे गेलेत त्यांचे. त्यांना ते अजिबात आवडलं नाही. बाहेर आल्यावर म्हणाले, “अंदाजे म्हणजे काय गो? आम्ही अंदाजे बिल दिलं तर लोक अंगावर यायचे.”

हे मी लिहितेय ते ज्यांच्या घरी आज असा कागद आलाय त्यांच्यासाठी. घाबरलेलं माणूस आकड्याला धरून बसतं. मीही बसले होते. आकड्याला धरावं, पण किती घट्ट, ते सांगायचंय.

आधी आजार कसा कळला ते सांगते. कळलाच नाही. ब्लडप्रेशर जुनं होतं, गोळ्या चालू होत्या. त्या वर्षी पावसाळ्यानंतर माझे सगळे ब्लाउज घट्ट व्हायला लागले. चपलेच्या पट्ट्याचे वळ पायावर उमटायचे. चेहरा भरला. नाहूरच्या आमच्या बिल्डिंगमधल्या बायका म्हणायला लागल्या, “काकी, झकास दिसताय, अंगाला लागलंय!” मीपण खूश. शिवणीत आपण माया सोडतो ना, म्हणजे आतल्या बाजूला जास्तीचं कापड, ते उसवून सगळे ब्लाउज मोठे करून घेतले. ते मांस नव्हतं, पाणी होतं. किडनी बाहेर टाकत नव्हती ते सगळं पाणी मी अंगावर घेऊन मिरवत होते. मग पायऱ्या चढताना धाप लागायला लागली, आडवं झालं की श्वास पुरेना, तेव्हा डॉक्टर.

डायलिसिस मुलुंडला सुरू झालं, आठवड्यातून तीनदा, चार-चार तास. अंगातलं रक्त नळीतून मशीनमध्ये जातं, धुऊन परत अंगात येतं. सुरुवातीला मानेत नळी होती. पुढे डाव्या हातात फिस्टुला केला. फिस्टुला म्हणजे धमनी आणि शीर एकमेकींना जोडतात, मग शीर जाड होते आणि सुई घालायला जागा मिळते. तो हात कानाशी धरला की आत घरघर ऐकू येते, लांबच्या गिरणीसारखी. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा यांना हाक मारली, “अहो, इकडे या, ऐका!” हे कान लावून कितीतरी वेळ बसून राहिले. म्हणाले, “मीटर चालू आहे.”

आता मुद्द्याची गोष्ट. डायलिसिसला ड्राय वेट म्हणून एक आकडा असतो. सुकं वजन. अंगात जादा पाणी नसताना तुमचं जे वजन भरेल ते. हे ऐकून हे म्हणाले, “म्हणजे सुका बोंबील?” आमची टेक्निशियन रेश्मा, गोवंडीहून येते, एकदम बोलकी पोरगी. ती एवढी हसली की हातातली टेप खाली पडली. आत जाताना ती वजन करते. त्यातून सुकं वजन वजा. जे उरलं ते पाणी, तेवढं मशीनने काढायचं.

माझं सुकं वजन शेहेचाळीस किलो धरलं होतं. सूज उतरली, श्वास मोकळा झाला, प्रेशर जाग्यावर आलं, त्या दिवशी जे भरलं ते. पाणी दिवसाला पाऊण लिटर, त्यातच चहा, त्यातच गोळ्यांबरोबरचा घोट.

पहिले काही महिने छान गेले. तोंडाची कडू चव गेली. भूक परत आली, आणि अशी आली म्हणता! डॉक्टर बाईंनी अंडी खा, मासे बेतानं खा असं सांगितलेलंच होतं. कितीतरी दिवसांनी मला बांगड्याचा वास सोसला, नुसता सोसला नाही तर आवडला.

आणि मग वाट लागली. दर वेळी काट्यावर एकोणपन्नासच्या आसपास भरायला लागलं. रेश्मा म्हणायची, “काकी, तीन किलो? पाणी जास्त झालं ना!” मी म्हणायची, “नाही गं, मोजून पिते.” तीन किलो काढायला मशीन लावायची आणि तिसऱ्या तासाला मला जांभया सुरू. कानात शिट्टी. पोटऱ्यांत असे गोळे यायचे की मी ओरडायची. प्रेशर खाली जायचं. मग पाय वर करा, सलाईन द्या, पाणी काढणं अर्धवट थांबवा. घरी यायची ती पिळलेल्या फडक्यासारखी, दुसरा दिवस नुसता पडून.

पण पोटऱ्यांतल्या गोळ्यांपेक्षा मला जास्त दुखलं ते घरात.

यांनी बाटलीवर पट्टी लावली. पाऊण लिटरची खूण. माझं सगळं पाणी त्या बाटलीतूनच निघायचं. तरी वजन तेच. मग मी मोरीत गेले की हे दाराशी उभे राहायचे. पेला ओला आहे का बघायचे. एक दिवस मी म्हटलं, “अहो, देवाशप्पथ, खुणेच्या वर एक थेंब घेतला नाही.”

म्हणाले, “मी पस्तीस वर्षं हेच ऐकलं गो. एसी नाही, गिझर नाही, आम्ही घरातच नसतो. मीटर खोटं बोलत नाही, माणूस बोलतं.”

लग्नाला सत्तेचाळीस वर्षं झाल्यावर हे ऐकलं.

मग घरात वजनकाटा आणला. तो हॉलमध्ये एक दाखवायचा, स्वयंपाकघरात दुसरं, मोरीपाशी तिसरं. हे मला घरभर फिरवून सगळ्या लाद्यांवर उभं करायचे. रेश्मा म्हणाली, “काका, साडी केवढी बदलते बघा ना! काकी सुती नेसून येतात, मधेच जाड काठाची. त्यावर एसीसाठी स्वेटर, कमरेला बटवा, त्यात मोबाईल.” खरंच होतं. मी सगळं उतरवून एकाच सुती साडीत जायला लागले. अर्धा-पाऊण किलो कमी झाला. बाकीचं होतं तिथेच.

एका सोमवारी मी तयारच झाले नाही. यांना सांगितलं, “मी आता जाणार नाही. दर खेपेला अर्धमेली व्हायचं आणि वर चोर ठरायचं, मला नको.” डायलिसिस सोडलं की काय होतं ते मला सांगितलेलं होतं. दिवसांचा प्रश्न असतो. ते कळूनच बोलले. शिवणयंत्रावर चादर टाकून ठेवली होती. शेजारणीचे दोन ब्लाउज न शिवता परत दिले होते.

यांनी डॉक्टर बाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, “काकींवर जबरदस्ती नाही. पण मला एकदा हात लावून तपासू द्या.”

गेलो. यांनी पिशवीत ती पट्टीवाली बाटली घेतली होती, पुरावा म्हणून.

डॉक्टर बाईंनी काटा बघितलाच नाही. मला आडवं केलं. नडगीवर अंगठा दाबून धरला, सोडला, खळगा पडतो का ते बघितलं. मानेची शीर बघितली. पाठीवर श्वास ऐकला. मग विचारलं, “काकी, जेवण कसं आहे?” मी अंडी सांगितली, बांगडा सांगितला, दोन भाकऱ्या सांगितल्या. बोलता बोलता सहज म्हटलं, “गंमत बघा डॉक्टर, जोडवी पायात सैल झालीत, फिरतात. आणि ब्लाउजची बाही मात्र दंडावर चढत नाही, फिस्टुला नसलेल्या हातावरपण.”

त्या थांबल्या. “परत सांगा.”

परत सांगितलं. सूज आधी पायावर दिसते, जोडवी रुतायला हवी होती. त्यांनी माझा दंड चिमटीत धरून बघितला. “मला शंका होतीच,” म्हणाल्या आणि सोनोग्राफीचं मशीन ओढून आणलं. “ही आयव्हीसी बघा. पोटातली मोठी शीर, सगळं रक्त हृदयाकडे नेणारी. पाणी जास्त असलं की टम्म फुगलेली दिसते.”

पडद्यावर एक काळा पट्टा होता. मी श्वास घेतला की तो मिटायचा, सोडला की उघडायचा. मी परत श्वास घेतला, तो परत मिटला. एवढी वर्षं हे आत चाललंय आणि मला पत्ताच नाही. मी डॉक्टरांचं ऐकायचं सोडून त्याच्याकडेच बघत राहिले.

“जवळजवळ रिकामी आहे,” त्या यांच्याकडे वळून म्हणाल्या. “काका, काकी पाणी चोरत नाहीत. काकींच्या अंगावर मांस चढलंय. त्या बऱ्या होतायत. आणि आपण ते मांस पाणी समजून दर वेळी त्यांचं गरजेचं पाणी ओढून काढत होतो. हा आकडा आम्ही आधीच बदलायला हवा होता.”

हे बाटली मांडीवर घेऊन बसले होते. म्हणाले, “मग काटा?”

“काटा बरोबर आहे. तो एकूण सांगतो. त्यात पाणी किती, मांस किती, ते त्याला कळत नाही.”

हे माझ्याकडे न बघता हळूच म्हणाले, “बरोबर. मीटरलाही एकूणच कळतं. पंखा किती, फ्रिज किती, ते नाही कळत.” मग बाटली पिशवीत घातली आणि माझ्या पायांशी येऊन उभे राहिले. जोडवं बोटाने फिरवून बघितलं. फिरलं. “खरंच सैल झालंय गो,” म्हणाले. माझ्यासाठी माफी तेवढी पुरे होती.

विचार करा तुम्ही. आधी पाण्याला मांस समजले आणि खूश झाले. नंतर सगळेच मांसाला पाणी समजलो आणि मी मरायला निघाले. दोन्ही वेळा काटा खरा होता. दुसऱ्या वेळी तर मीही खरी होते.

“मग आता सुकं वजन किती?” मी विचारलं.

“मला माहीत नाही,” डॉक्टर बाई म्हणाल्या. एवढ्या शिकलेल्या बाई, पण किती सरळ म्हणाल्या! “हे कुठलंच मशीन दाखवत नाही काकी. अर्धा किलो वाढवू, बघू. पाय दुखले नाहीत, रात्री आडवं झोपता आलं, प्रेशर टिकलं, तर बरोबर. धाप लागली तर मागे येऊ. चाचपडतच जायचं.”

“पण तिथे तर काटा दशांशात दाखवतो!”

“काटा दाखवतो. तुमचं शरीर दशांशात राहत नाही. जेवलात, घाम आला, पोट साफ झालं नाही, की वजन हललं. हा आकडा सापडला तरी एका जागी थांबत नाही, परत परत शोधावा लागतो.”

असं चाचपडत आम्ही साडेअठ्ठेचाळीसच्या आसपास पोचलो. डॉक्टर बाईंनी फाईलवर तो आकडा लिहून पुढे अधिक आणि खाली उणे अशी खूण केली. म्हणजे थोडं इकडे, थोडं तिकडे. यांनी ती खूण बघून मान हलवली. गोळे थांबले. चार तास मी रेश्माशी गप्पा मारत काढायला लागले.

मशीनपाशी पडल्यापडल्या माझ्या मनात एकच येतं. तुम्ही आत्ता हे वाचताय, कदाचित हातात चहा आहे. किती घोट घेतलेत, मोजलेत का? आमटी पातळ होती की घट्ट, काल घाम किती आला, काही ठाऊक आहे? आणि तुमच्या कमरेशी मुठीएवढ्या दोन वस्तू हा सगळा हिशेब या क्षणाला करतायत. न विचारता. झोपलात तरी. जे काम एक डॉक्टर, एक टेक्निशियन, एवढं मोठं मशीन आणि एक रिटायर मीटर रीडर मिळून आम्हाला जेमतेम अंदाजाने जमतं! माझ्या किडन्यांनीही सहा दशकं केलं. मी कधी त्यांचं नावसुद्धा काढलं नाही. आता रोज काढते. गेलेल्यांची आठवण काढावी तसं नाही, मोठ्या गवयाचं नाव घेताना कानाला हात लावतात ना, तसं.

तुमच्या घरी कुणाचं डायलिसिस असेल तर एवढं करा. वजनाला नेहमी सारखेच कपडे घाला. भूक वाढली, बाही घट्ट झाली, जोडवी सैल झाली, गोष्ट बारीक वाटली तरी डॉक्टरांना सांगा. आणि आपलं माणूस नाही म्हणत असेल तर त्याला चोर म्हणायच्या आधी आकडाच परत तपासून मागा.

गेल्या आठवड्यात मी यंत्रावरची चादर काढली. जुने ब्लाउज दंडाला होत नाहीत, नवा शिवायला घेतला. कापड पसरून खडूने खुणा करत होते. हे खुर्ची ओढून बसले, चष्मा लावून, टेप हातात घेऊन. जुनी खोड.

“माया किती सोडतेस?”

“बोटभर.”

“बोटभर म्हणजे नक्की किती?”

मी बोट कापडावर ठेवलं. हे टेप उलगडायला लागले, मग थांबले. टेप गुंडाळून खिशात घातली आणि म्हणाले, “दोन बोटं सोड गो. अजून अंगाला लागणार आहे तुझ्या.”