तिच्या वाटचा बर्गर

मॉलमध्ये मी आयुष्यात एकदाच गेलो, आणि तेही नदीवर कावळा शिवेना म्हणून.

बायको गेली त्याच्या दहाव्या दिवसाची गोष्ट. आम्ही मुरबाडकडचे. आमच्यात दहाव्याला सगळं गणगोत नदीवर जमतं. भाताचे पिंड मांडतात, आणि कावळा येऊन शिवला की गेलेल्या माणसाची काही इच्छा उरली नाही असं धरतात. नाही शिवला तर एकेकानं पुढं होऊन हात जोडायचे आणि जे राहिलं असेल ते पुरं करायचा शब्द द्यायचा. मी एसटीत सव्वीस वर्षं कंडक्टरकी केलेला माणूस, असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता. आजही नाही. पण समोरच्या उंबरावर पाच-सहा कावळे बसलेले आणि एकही खाली येत नव्हता, तेव्हा सगळ्यांबरोबर मीही मान वर करून बघत होतो.

मेहुणा पुढं झाला. "घराकडं आमचं लक्ष हाय, काळजी करू नको." मेहुणी म्हणाली, "पोरीचं लगीन आमी लावून देऊ गो, तू जा सुखानं." कावळे ढिम्म. माझी पाळी आली. मी म्हणालो, "सगळं सांभाळीन मी." एका कावळ्यानं फांदीवर चोच पुसली. भटजी घड्याळात बघून म्हणाले, "दर्भाचा कावळा करून शिववू या का?"

तेव्हा माझी मुलगी पुढं आली. एकुलती एक. ठाण्याला एका ऑफिसात कामाला होती, तिथंच तीन मुलींबरोबर खोली घेऊन राहायची आणि पंधरा दिवसांनी घरी यायची. ती कोरड्या आवाजात म्हणाली, "आई, तुला मॉलमधे न्यायचं माझ्याकडून राहिलं. बाबांना नेईन मी. तिथं आधी तुझं पान ठेवीन, मगच आमी खाऊ."

कावळा खाली आला. उगाच कशाला खोटं बोलू, आला. लोकांनी सुस्कारे सोडले. मेहुणीनं मुलीला जवळ घेतलं आणि भर गर्दीत म्हणाली, "येवढंच होतं गो तिचं. न्यायचं होतंस ना येळेवर." मुलीनं मान खाली घातली आणि मी मूग गिळून उभा राहिलो.

मूग गिळून म्हणतो, कारण चूक तिची नव्हती.

बायकोला मॉलचं वेड टीव्हीनं लावलं होतं. जाहिरातीत एक बाई दोन्ही हातांनी एवढा मोठा बर्गर धरून तोंड वासते, ती जाहिरात लागली की ही हातातलं काम टाकून बघायची. "तोंडात मावतो कसा यो?" हा तिचा प्रश्न. मी म्हणायचो, "पावच हाय तो. कल्याणच्या स्टँडावर वडा घालून देतात." मुलगी म्हणायची, नेते, पगार झाला की नेते. आणि तिनं शब्द पाळलाही. बायको जाण्याआधी तीनेक महिने, एका शनिवारी, मुलीचा घरी फोन आला. "बाबा, उद्या तुमची सुट्टी ना? आईला घेऊन या ठाण्याला, मॉलमधे जाऊ." बायको मागच्या पडवीत तांदूळ पाखडत होती. सुपाचा आवाज मला ऐकू येत होता. मी म्हणालो, "तिला ताप हाय जरा. राहू दे."

ताप-बिप काही नव्हता. मला जायचं नव्हतं. आठवड्याची एक सुट्टी, हे एक कारण होतं. पण खरं कारण असं की मला लाज वाटत होती. गाडीत मी राजा. पन्नास माणसांवर आवाज टाकायचो, म्हसा गावच्या जत्रेच्या वेळी तर शंभरांवर. पण त्या चकचकीत जागेत मी कोण? कुणीतरी माझ्या चपलांकडं बघेल, एवढ्या भीतीनं मी फोन ठेवला. बायकोनं आतून विचारलं, "कुनाचा होता?" मी म्हणालो, "डेपोतनं."

पुढं ती दोन-तीनदा म्हणाली, "पोर इसरली वाटतं." पोर घरी आली की मात्र ही आपणहून काही मागायची नाही, आणि पोरही पुन्हा कधीतरी नेऊ म्हणून तो विषय काढायची नाही. मी पेपर वाचत होतो. मग ती म्हणायची बंद झाली, आणि एका सकाळी चुलीपुढं बसल्या बसल्या कलंडली.

त्यानंतर मला काही वाटेनासं झालं. लोक म्हणायचे धीराचा माणूस आहे. धीर कसला! पाय मुंग्या येऊन बधिर होतो, तसा सगळाच झालो होतो. कामावर जायचो, तिकिटं फाडायचो, डबल बेल मारायचो. मुलगी मात्र खंगत चालली होती. रोज संध्याकाळी फोन करायची आणि शेवटी एकच वाक्य, "मी तेव्हाच नेलं असतं तर." दर वेळी मी ठरवायचो की आज सांगून टाकू, आणि दर वेळी म्हणायचो, "जेवलीस का?"

महिना झाल्यावर एका रविवारी ती मला न्यायला आली. मी म्हटलं, "नंतर बघू, घाई काय हाय?" ती म्हणाली, "शबूद दिलाय, बाबा." तिनं परसातल्या केळीचं एक पान कापलं, पुसलं, घडी घालून पेपरात गुंडाळलं आणि पर्समध्ये ठेवलं. आमच्याच डेपोच्या गाडीनं कल्याण आणि पुढं ठाणे. वाटेत ती खिडकीतनं बाहेर बघत होती. मनगट इतकं बारीक झालेलं की घड्याळ कोपरापर्यंत सरकत होतं.

मॉलच्या दारात आम्हाला हात वर करून उभं केलं आणि अंगावरून काळी दांडी फिरवली. पर्समधलं पुडकं बघून सिक्युरिटीवाला म्हणाला, "ये क्या है?"

"पान."

"खानेका पान अंदर अलाउड नहीं."

तिनं घडी उलगडून दाखवली. त्यानं पान उलटसुलट करून बघितलं आणि आम्हाला सोडलं. माझ्या चपलांकडं कुणी बघितलं नाही. साधं ढुंकूनही नाही. चार महिन्यांपूर्वी हे कळलं असतं तर, असं मनात आलं, आणि त्याचंही काही वाटलं नाही.

सरकत्या जिन्यावर मी कठड्याला घट्ट धरून उभा होतो. सव्वीस वर्षं धावत्या गाडीत दांडी न धरता हिशेबानं उभा राहिलेला माणूस! वर पोचताना पाय अडखळला तेव्हा मुलीनं दंड धरला. तिच्या आईचा हात धरायला ती आली होती, आणि धरावा लागत होता माझा.

खाण्याच्या दुकानात भिंतभर चित्रं होती, जाहिरातीतल्यापेक्षाही मोठी. टोपीवाल्या मुलीनं काउंटरमागून भराभरा विचारायला सुरुवात केली. व्हेज का नॉनव्हेज, चीज जास्त घालू का, सोबत बटाटा देऊ का, कोल्ड्रिंक छोटं का मोठं. रांगेत मागं लोक तुंबले होते. आईला काय लागलं असतं हे मुलीला ठरवता येईना. मीच म्हणालो, "नॉनव्हेज. आणि चीज घाला जास्त." बायकोनं चीज कधी चाखलं नव्हतं, पण जास्त देतायत म्हटल्यावर तिनं नको म्हटलं नसतं.

तीन बर्गर घेतले, सोबत बटाटे आणि कोल्ड्रिंक. टेबलाशी आलो, पण मुलगी बसेना. "आधी पान." आता पान ठेवायचं कुठं? आमच्याकडं परसात, नाहीतर कौलावर ठेवतात. इथं चहूकडं काचा, आणि एकही उघडत नव्हती. आजूबाजूला पोरं बटाटे एकमेकांच्या तोंडात घालत होती आणि आम्ही दोघं हातात ट्रे घेऊन मॉलमध्ये कावळा शोधत होतो. शेवटी एका झाडूवालीला विचारलं. ती मराठी निघाली. काय हवंय ते तिला फोड करून सांगावं लागलं नाही. म्हणाली, "कोण गेलं?" मग लिफ्टकडं बोट दाखवलं. "वर गच्चीवर जा. गाड्या लावतात तिथं. कठड्यावर ठेवा आणि मागं सरा."

गच्चीवर ऊन मी म्हणत होतं. मुलीनं कठड्यावर केळीचं पान मांडलं, त्यावर कागदातनं सोडवून बर्गर ठेवला, बाजूला बटाटे. कोल्ड्रिंकच्या झाकणात बाटलीतलं पाणी घेऊन पानाभोवती फिरवलं. मग आम्ही एका पांढऱ्या गाडीच्या सावलीत मागं सरलो.

कावळा नव्हताच. कबुतरं आली. आधी दोन, मग दहा-बारा. ती बटाट्यांवरून भांडायला लागली. मुलगी त्यांना हाकलायला धावली, परत आली, परत धावली. तिसऱ्यांदा आली तेव्हा धापा टाकत होती.

"रुसलीय ती," मुलगी म्हणाली. "तिला वाटलं असंल, मी नुसतीच बोलायची. माझ्यावर रुसून गेली ती, बाबा. मला जेवन जात नाय. घास घेतला का तीच डोळ्यापुढं येते."

माझ्या हातात माझा बर्गर होता, कागदासकट. मी त्याच्याकडं बघत म्हणालो, "तू फोन केलेलास. शनवारी. तांदूळ पाखडत होती ती."

"हां. ताप होता ना तिला."

"ताप नवता."

ती कबुतरांकडं पाठ करून माझ्याकडं वळली.

"मला यायचं नवतं," मी म्हणालो. "मला लाज वाटत होती हितं यायची. तुझी काय चूक नाय. मीच खोटं बोललो तुझ्याशी. नदीवर पन मीच गप ऱ्हायलो."

मला वाटलं होतं, हे ऐकून ती सुटेल. महिनाभर उराशी बाळगलेलं ओझं उतरेल आणि मग हवं तर माझ्यावर ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. पण ती शांतपणे विचार करत होती. बारावीच्या परीक्षेला गणितं सोडवायची तेव्हा कपाळावर पडायची तशी आठी पडली होती.

"आईला सांगितलंत मग? मी बोलावलेलं, ते?"

"नाय."

"नंतर कधी?"

"नाय."

"ती काय बोलायची?"

मी तेही सांगितलं. आता लपवून काय करणार होतो?

"म्हंजे मी इसरले असं समजूनच गेली ती."

"हो," मी म्हणालो.

आणि मग मला रडू आलं. चिता पेटवताना आलं नव्हतं, दहाव्याला आलं नव्हतं, ते तिथं गाड्यांच्या मधोमध आलं. माझ्या रडण्याच्या आवाजानं कबुतरं उडाली. मुलगी शेजारीच उभी होती. तिनं मला गप्प केलं नाही, आणि तिच्या डोळ्यांत पाण्याचा टिपूस नव्हता.