एरपोटभाऊंचं जेवण

नागपूरच्या विमानतळावर प्रवासी बाहेर पडतात त्या दारासमोर ड्रायव्हर लोक पाट्या घेऊन उभे असतात. पाटीवर पाहुण्याचं नाव नाहीतर कंपनीचं नाव. एरपोटभाऊंच्या हातात पाटी कधीच नसायची. ते लोखंडी कठड्याला पोट टेकवून उभे राहायचे आणि येणाऱ्याच्या गावाचं नाव पुकारायचे. आमच्या गावचा असला की, "टेंभाळी, टेंभाळी, टेंभाळी." अगदी स्टँडवरच्या काळीपिवळीवाल्यासारखं. बाकीचे ड्रायव्हर हसायचे, पोलीस शिट्टी मारायचा. भाऊ थोडा वेळ गप्प बसायचे आणि पुन्हा सुरू व्हायचे.

पाटी का धरत नाही, असं मी त्यांना एकदा विचारलं होतं. ते म्हणाले, "पाटी वाचाले डोळे लागते बेटा. रडलेल्या माणसाचे डोळे काम नाई करत, कान करते. आपल्या गावाचं नाव आयकलं का माणूस आपोआप वळते."

रडलेल्या माणसाचे, असं ते म्हणाले, कारण त्यांच्या गाडीत बसणारे बहुतेक तसेच असायचे. सूरजागडच्या खाणीकडे जाणाऱ्या साहेबांच्या गाड्या वेगळ्या, काळ्या काचांच्या. आमच्या भागातला माणूस कामाला जातो तो रेल्वेच्या जनरल डब्यातून, आणि येतोही तसाच. असा माणूस एक दिवस विमानातून उतरला, तर समजायचं की घरून फोन गेला आहे.

त्यांचं खरं नाव कादर. राहायचे पोंभुर्ण्याला. आधी मूल ते पोंभुर्णा काळीपिवळी जीप चालवत. ती जुनी झाल्यावर पांढरी टवेरा घेतली आणि नागपूरच्या फेऱ्या सुरू केल्या. तेव्हापासून लहानथोर सगळे त्यांना एरपोटभाऊ म्हणू लागले. ते स्वतः मात्र विमानात कधी बसले नव्हते. दाराच्या आतही कधी गेले नव्हते. इतकी वर्षं त्यांनी विमानतळ पाहिला तो कठड्याच्या बाहेरून.

आमच्याकडे मरण फोनवर सांगत नाहीत. दूर एकटा असलेल्या माणसाला "तब्येत बरी नाई, येऊन जा" एवढंच कळवतात. ड्रायव्हरला मात्र सगळं सांगितलेलं असतं, आणि "बोलू नका" हेही सांगितलेलं असतं. म्हणजे गाडीत दोन माणसं, त्यातल्या एकाला माहीत आहे आणि दुसऱ्याला नाही, आणि रस्ता चार तासांचा. मला वाटतं, भाऊंचं खरं काम हे होतं. गाडी काय, कुणीही चालवतं.

त्यांनी त्यासाठी युक्त्या करून ठेवल्या होत्या. गाडीत बसल्या बसल्या ते पॅसेंजरला फोन बंद करायला लावायचे. "पुढं जंगल आहे. नेटवर्क नाई, उगाच बॅटरी खाते." खरं कारण वेगळं होतं. गावातली पोरं स्टेटसला फोटो टाकतात, फुलांचा हार घातलेला, खाली श्रद्धांजली. एका माणसाला आपला बाप गेल्याचं उमरेडजवळ तसं कळलं होतं. त्याने चालत्या गाडीचं दार उघडलं. तेव्हापासून भाऊ आधी फोन बंद करायला लावायचे आणि मगच गिअर टाकायचे.

दुसरी गोष्ट जेवणाची. नागभीडच्या अलीकडे एक साधा ढाबा आहे, बाहेर बाजा टाकलेल्या, मागे मोहाचं मोठं झाड. भाऊ तिथे गाडी थांबवायचे. पॅसेंजर नको म्हणाला तरी ऐकायचे नाहीत. "आधी जेवून घ्या भाऊ. पुढं काई मिळत नाई." ते असं का करत, तेही त्यांनीच सांगितलं होतं. मेलेल्याच्या घरी चूल पेटत नाही. पोरगा सकाळपासून उपाशी निघालेला असतो, आणि पोचल्यावर त्यालाच पुढे चालायचं असतं, खांदा द्यायचा असतो, उन्हात उभं राहायचं असतं. "उपाशी माणूस खांदा नाई देत, पडते," ते म्हणायचे.

हे मी प्रत्यक्ष पाहिलं ते बारावीनंतर. कॉलेजच्या स्कॉलरशिपच्या कामाला मी आणि बाबा नागपूरला गेलो होतो आणि आमची शेवटची बस चुकली. भाऊ काळीपिवळी चालवत तेव्हापासून बाबांना ओळखत. त्यांनी आम्हाला टवेरात मागच्या सीटवर बसवून घेतलं. पुढे हैदराबादहून आलेला एक गवंडी होता, मूलच्या पुढच्या गावचा. आईला बरं नाही म्हणून आला होता. ढाब्यावर तो तीन पोळ्या जेवला. वरणात मीठ नाही म्हणून त्याने मालकाची थट्टा केली, आणि आई घरी कशी मोजून मीठ टाकते ते सांगत बसला. बाबांच्या ताटात पोळी तशीच होती. मी मात्र पोटभर जेवले. मला काहीच कळलं नव्हतं.

त्याच्या गावात गाडी थांबली, तो उतरला आणि घरातून बायकांचा आवाज आला. भाऊ स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिले. बाबा म्हणाले, "तुम्ही जेवू घातलं तेव्हाच मले समजलं."

"त्याले नाई समजलं ना? मंग झालं," भाऊ म्हणाले आणि गाडी सुरू केली.

त्यानंतर आमच्या घरी एक गंमतच होऊन बसली. आई बाबांना जास्त वाढू लागली की बाबा ताटावर हात धरून विचारायचे, "काऊन वं, कोन गेलं?" आई चिडायची. असं अभद्र बोलू नये म्हणायची. मग स्वतःच तोंडाला पदर लावून हसायची.

मी पुण्याला शिकायला गेले. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. दुसऱ्या वर्षाच्या एप्रिलमध्ये सकाळी काकांचा फोन आला. बाबा पहाटे मोहफुलं वेचायला गेले होते. "जनावरानं पंजा मारला. दवाखान्यात नेलं आहे. तू ये." आमच्याकडे अशा वेळी वाघ म्हणत नाहीत. दवाखाना कोणता, असं मी विचारलं, तेव्हा काका म्हणाले, तू ये आधी. हॉस्टेलच्या मुलींनी विमानाचं तिकीट काढून दिलं. विमानात मी पहिल्यांदा बसले ते अशी.

दुपारी नागपूरला उतरले. बाहेर आले तर कुठे जायचं, कुणाला विचारायचं, काही सुचत नव्हतं. तेवढ्यात ऐकू आलं, "टेंभाळी, टेंभाळी." मी आपोआप वळले.

भाऊंनी माझी बॅग घेतली. "चाल बेटा," एवढंच म्हणाले. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. विचारायची हिंमत झाली नाही. आणि विचारायची गरजही नव्हती, कारण मला ढाबा माहीत होता. गाडी ढाब्यावर थांबली तर बाबा गेले. थांबली नाही तर आहेत.

त्यांनी फोन बंद करायला सांगितलं नाही, तेव्हाच माझा जीव थोडा भांड्यात पडला. उमरेड गेलं. भिवापूर गेलं. भाऊ नेहमीपेक्षा जास्त बोलत होते. उन्हाबद्दल, रस्त्याच्या कामाबद्दल, मस्कतला वेल्डर असलेल्या त्यांच्या मुलाबद्दल, सलीमबद्दल. मी हो हो म्हणत होते आणि रस्त्याकडे बघत होते. मग मोहाचं झाड दिसलं. ढाब्याचा मालक दारातच उभा होता. त्याने गाडी ओळखून हात वर केला. भाऊंनी समोरच पाहिलं. गाडीचा वेग जरासुद्धा कमी झाला नाही.

मला रडू आलं, पण ते वेगळं रडू होतं. मी पुण्याला मैत्रिणीला मेसेज केला की बाबा बरे आहेत. मग भाऊंना विचारत बसले की पंजाची जखम भरायला किती दिवस लागतात, बाबांना मोहाला पुन्हा जाऊ द्यायचंच नाही, वगैरे. ते "हो बेटा, हो बेटा" करत राहिले. सिंदेवाहीनंतर मला झोपही लागली.

टेंभाळीच्या नाल्यावर त्यांनी मला उठवलं, पाणी प्यायला दिलं, तोंड धुवायला लावलं. पुढच्या वळणावर आमचं घर दिसलं. दारात माणसं बसली होती, आणि अंगणात हिरव्या बांबूची तिरडी बांधून तयार होती.

मी एकुलती एक, त्यामुळे अग्नीचं मडकं माझ्या हातात दिलं. आदल्या रात्रीपासून पोटात काही नव्हतं. नदीच्या उतारावर मला चक्कर आली, मी पडले, आणि मडकं फुटलं. विस्तव रस्त्यावर सांडला. कुणी तरी म्हणालं, असं होऊ नये. कुणी तरी म्हणालं, पोरीच्या हाती दिलंच काऊन. दुसरं मडकं आणेपर्यंत बाबांना उतरत्या उन्हात खाली ठेवावं लागलं. तो वेळ मी विसरू शकत नाही. मी भाऊंनाच दोष दिला. सगळ्यांना जेवू घालणारा माणूस, आणि मला उपाशी आणलं. शिवाय दोन तास खोटं हसू दिलं.

दिवाळीत ते आमच्या घरी आले. मी त्यांना पाणीसुद्धा दिलं नाही, आईने दिलं. ते अंगणात बाजेच्या कडेला बसले. मी उभ्या उभ्याच विचारलं की माझ्याच वेळी काऊन नाई थांबले.

त्यांनी गळ्यातल्या दुपट्ट्याने तोंड पुसलं. मग म्हणाले, "तुले ढाबा मालूम होता बेटा. थांबलो असतो त तुह्या बापाले मीच मारलं असतं, तिथं, रस्त्यावर. म्हटलं, जाऊ दे. गाडीत अजून दोन घंटे जगन तो."

उठताना ते आईला म्हणाले, "मडकं फुटलं, ते माह्यावर आहे बाई." फोन बंद करायला लावला असता तर मी तिथेच ओळखलं असतं, म्हणून सकाळी नागपूरला निघण्याआधी ते टेंभाळीत घरोघर फिरले होते आणि कुणीही फोन करू नका, फोटो टाकू नका, असं पोरांना सांगून गेले होते. हे मला आईने ते घरून निघून गेल्यावर सांगितलं.

त्यांना माफ केलं, असं मला म्हणता येत नाही. माफ करण्यासारखं काही होतं का, तेही कळत नाही. पण नंतर दर सुट्टीत मी पोंभुर्ण्याला त्यांच्या घरी जाऊ लागले. त्यांची बायको, चाची, चहा करायची. भाऊ विमानाबद्दल विचारायचे. ढग खालून दिसते तसेच वरून दिसते का, पट्टा कसा बांधते. मी जमेल तसं सांगायचे.

या हिवाळ्यात एका पहाटे ते झोपेतच गेले. मी सुट्टीवर टेंभाळीतच होते. सलीमला मस्कतला फोन गेला की अब्बाची तब्येत बरी नाई. त्याला आणायला कोण जाणार, यावर घरात कुजबुज चालली होती. चाची मला म्हणाली, "तू जा. तुले एरपोटातलं समजते, अन् तुह्यासमोर पोरगा रडाले लाजणार नाई." शेजारचा राजू टवेरा चालवायला आला. दफन सलीम आल्यावर, रात्री करायचं ठरलं.

निघतानाच मी राजूला सांगून ठेवलं, ढाब्यावर थांबायचं नाही. सलीम या गाडीत बसून लहानाचा मोठा झाला होता. त्याला तो ढाबा माझ्यापेक्षा जास्त माहीत होता. भाऊंनी मला दिले तेवढे दोन तास मी त्याला देणार होते. पण नाल्याच्या पुढचं वळण आणि तिरडी, तेही मला आठवत होतं. सगळ्या रस्त्याने मी हेच उलटसुलट करत गेले.

कठड्याला पोट टेकवून मी उभी राहिले. बाजूचे ड्रायव्हर बघत होते. मग मी पुकारलं, "पोंभुर्णा, पोंभुर्णा." सलीम वळला. मला पाहिलं, माझ्या मागे पाहिलं. काही न विचारता पुढच्या सीटवर बसला.

उमरेडच्या आधी त्याने आपणहून फोन बंद करून खिशात ठेवला. भिवापूर गेलं. मोहाचं झाड दिसायच्या आत तो म्हणाला, "ताई, ढाब्यावर थांबवा."

"भूक लागली का?" मी विचारलं.

"नाई." तो समोर बघत होता. "पण मले खांदा द्याचा आहे."

राजूने आरशातून माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्याने गाडी खाली घेतली.

मालक लगबगीने बाहेर आला, ड्रायव्हरच्या बाजूला वाकून पाहू लागला. "आज एरपोटभाऊ नाई आले का?"

"नाई आले," सलीम म्हणाला. "तुम्ही वाढा."

मालकाने दोन ताटं आणली, पोळी, वरण, आलूची भाजी, भात, आणि आमच्याकडे न बघता ठेवून गेला. सलीम सावकाश जेवला. भात दोनदा घेतला. समोरचं दुसरं ताट मी जवळ ओढलं आणि जेवले. वरणात मीठ कमी होतं. सलीमने मागितलं नाही, मीही मागितलं नाही.